वडिलांचे वेल्डिंग मशीन सुरू करण्यापूर्वी

गेल्या खंडेनवमीची रात्र. दीडच्या सुमारास दाराची बेल वाजली. दार उघडतो तो समोर एक तरुण, त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. तिघांचेही डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाण्याच्या धारा. रिक्षावाल्याने एकेकाला हाताला धरून जिना चढवून आणले होते. "डॉक्टर, डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं होतंय. दिवा तेवढा बंद करा," एवढेच तो तरुण म्हणाला.

विषबाधा नाही, डोळे आलेले नाहीत, कुणी तिखट फेकलेले नाही. मी एकच प्रश्न विचारला, "दुपारी वेल्डिंग कुणी केलं?" मिटल्या डोळ्यांनीच तो ओशाळला.

हकीकत अशी. त्याचे वडील आमच्या भागातले जुने वेल्डर. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते ग्रिल, गेट, कोंबड्यांचे खुराडे असे काहीबाही करून देत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा हिशेबनीस, त्याचा हात कधी लोखंडाला लागलेला नाही. खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा करायची म्हणून त्याने शेडचे कुलूप काढले. वडिलांचे वेल्डिंग मशीन धुळीने भरलेले होते. त्याने ते पाइप लावून स्वच्छ धुतले, फडक्याने पुसले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. संध्याकाळी चारच्या सुमारास, वडिलांची आठवण म्हणून आणि गेटची बिजागरीही तुटलेलीच होती म्हणून, त्याने ते चालू केले. बायकोने गेट धरले. मुलगी पायरीवर बसून गंमत बघत होती. एकच काळी काच होती, तीही तडकलेली.

ही हकीकत त्या कुटुंबाच्या परवानगीने सांगतो आहे. त्यांनी परवानगी का दिली, ते पुढे येईल.

डोळ्यांचे आधी सांगतो, कारण लोक दवाखान्यात येतात ते डोळ्यांसाठी. वेल्डिंगच्या ठिणगीतून जो झगझगीत प्रकाश निघतो, त्यात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. बुबुळावरचा जो काचेसारखा पारदर्शक पडदा, त्याच्या वरच्या नाजूक थराला ते भाजून काढतात. उन्हात पाठ भाजावी तसेच. फरक एवढाच की त्या वेळी काहीच दुखत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, दुखणे सुरू होते. म्हणून माणसाला कारण आणि परिणाम जोडता येत नाही. आठवड्याभरात एखादा तरी असा रुग्ण आमच्याकडे असतोच, आणि त्यातले निम्मे स्वतः वेल्डर नसतात. कुणी धरायला उभा राहिलेला असतो, कुणी नुसता बघत असतो. भिंतीवरून, पत्र्यावरून परत फेकला गेलेला प्रकाशही पुरतो.

उपचार फार मोठे नाहीत. अंधारी खोली, थंड पाण्याच्या घड्या, दुखणे कमी करणारी गोळी, डॉक्टरांनी दिलेले मलम. एक-दोन दिवसांत तो थर पुन्हा भरून येतो. नाही आला, किंवा नजर अंधूक राहिली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. डोळ्यांवर बटाट्याची चकती ठेवतात, तिने गारवा मिळतो, माझी हरकत नाही. पण डोळ्यांत दूध, गुलाबपाणी, मध घालू नका. भाजलेल्या जागी जंतूंना आयते आमंत्रण मिळते. त्याहून वाईट म्हणजे बधिर करणारे थेंब. काही वेल्डर औषधांच्या दुकानातून ते मागून नेतात आणि खिशात ठेवतात. डॉक्टरांनी तपासताना एकदा घालणे वेगळे. रोज घातले तर जखम भरतच नाही, आणि दुखत नसल्यामुळे माणूस त्याच डोळ्यांनी पुन्हा कामाला बसतो. नजर कायमची जाऊ शकते.

तिघांना औषध देऊन मी बसवले. निघताना तो तरुण सहज म्हणाला, "मशीनला हात लागला की जरा मुंग्या येत होत्या डॉक्टर. बाबांना पण यायच्या. जुनं आहे ना." खरे सांगतो, त्या रात्री मी त्यांच्या डोळ्यांनी घाबरलो नव्हतो. या वाक्याने घाबरलो.

मुंग्या येणे म्हणजे मशीनच्या पत्र्यात वीज उतरलेली असणे. कोरड्या हाताला, पायात चप्पल असताना, त्या मुंग्या असतात. घामेजलेल्या हाताला, ओल्या फरशीवर अनवाणी, तोच प्रवाह हृदयाचे ठोके बिघडवतो. आणि हे मशीन त्याच सकाळी पाइपने धुतलेले होते. मुलगी मशीनपासून चार हातांवर बसली होती. मी त्याला सांगितले, घरी गेल्यावर मेन स्विच बंद करा, वायर काढा आणि उद्या मी येईपर्यंत शेडला कुलूप लावा.

वाचक म्हणतील, हा डॉक्टर आरोग्याचे सदर लिहितो की इलेक्ट्रिशियनचे? मीही पूर्वी असाच विचार करीत असे. पण आमच्या खडकीत राहून हे वेगळे ठेवता येत नाही. १८६९ साली इथे दारूगोळ्याचा कारखाना आला, १९४० मध्ये स्फोटकांचा, लष्कराची वर्कशॉपे आणि डेपो आले, १९४६ मध्ये किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना आला. चार पिढ्या भोंग्यावर उठल्या आणि हातातल्या कसबावर जगल्या. निवृत्तीनंतर त्या माणसांनी घरामागे शेड टाकल्या. भंगारातून, लिलावातून, बंद पडलेल्या दुकानांतून मशीन घेतले. आता ती माणसे एकेक करून जात आहेत आणि शेडमध्ये मशीन उरते आहे. इकडे बोपोडीपासून तिकडे तालुक्याच्या गावांपर्यंत, जिथे जिथे उसाची ट्रॉली, विहिरीचा पाइप, नांगराचा फाळ सांधला जातो, तिथे हेच चित्र आहे. मुलाला यंत्राचे ज्ञान नसते. यंत्रावर माया मात्र असते.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या ओळखीचे एक गृहस्थ बरोबर घेतले. त्यांनी आयटीआयमध्ये अनेक वर्षे वेल्डिंग शिकवले आहे. त्यांनी मशीनला हात लावण्यापूर्वी ते कोणते आहे हे पाहिले. ते कसे पाहिले, हे मला फार आवडले, म्हणून सांगतो.

आपल्याकडे वारशात येणारी मशीन साधारण तीन जातींची. पहिली, तेलाच्या टाकीत बसवलेला ट्रान्सफॉर्मर. जड, चौकोनी, बाजूने पंख्यांसारखे पत्रे, पुढे ओळीने भोके, त्यात पिन घालून करंट कमीजास्त करायचा. दुसरी, हवेने थंड होणारा ट्रान्सफॉर्मर, वर किंवा पुढे हँडल, ते फिरवले की आतली कॉइल किंवा गाभा सरकतो. तिसरी, मोटर आणि जनरेटर एकाच दांड्यावर, किंवा इंजिनावर चालणारा जनरेटर, ज्यातून डीसी करंट मिळतो. ही आता विरळ झाली. मिस्त्रींचे मशीन पहिल्या जातीचे, तेलाचे.

मग पाटी. जुन्या मशीनवर एक पितळी किंवा अॅल्युमिनियमची पाटी असते आणि तिच्यावर बहुधा रंगाचे दोन-तीन थर चढलेले असतात. आमच्या गुरुजींनी ती खरवडली नाही. ओल्या कापडाने आणि थोड्या साबणाने हळूहळू पुसली. पाटीवर बनवणाऱ्याचे नाव सापडते. अडवाणी-ओर्लिकॉन हे नाव दिसले तर ते मशीन २००३ पूर्वीचे असणार. १९५१ साली निघालेल्या त्या कंपनीचे नाव २००३ मध्ये एडोर वेल्डिंग झाले. पण नावापेक्षा आकडे महत्त्वाचे. किती व्होल्टवर चालते? २३० असेल तर घरगुती एक फेज. ४०० ते ४४० च्या दरम्यान असेल तर त्याला दोन फेज लागतात. कुणी अर्धवट माणसाने २३० चे मशीन दोन फेजवर जोडले तर ते जळणार. मोकळ्या होल्डरवर किती व्होल्ट? ८०-१०० व्होल्टपर्यंतचे आकडे सापडतात, आणि एसीचे एवढे व्होल्ट ओल्या अंगाला पुरेसे आहेत. ड्युटी सायकल साठ टक्के लिहिले असेल तर दहातली सहा मिनिटे काम, चार मिनिटे विश्रांती, आणि तीसुद्धा पाटीवर त्यापुढे लिहिलेल्या करंटला. मशीन दमते हे जुन्या वेल्डरना ठाऊक होते, ते मध्ये बिडी ओढायला उठत. (बिडीचे समर्थन करतो आहे असे कृपया समजू नये.)

पाटीच नसेल तर? गुरुजींचे उत्तर एका शब्दाचे होते, "भंगार." गल्लीतल्या कुणीतरी घरच्या घरी गुंडाळलेल्या कॉइलच्या मशीनमध्ये आतले दोन भाग एकमेकांपासून पुरते तोडलेले आहेत की नाहीत, हे बाहेरून कळत नाही. नसतील तर हातातल्या होल्डरमध्ये सरळ खांबावरची वीज येते.

नंतर त्यांनी मेगर काढले. या उपकरणाने तारांवरचे आवरण शाबूत आहे का हे कळते. मेन स्विच बंद, वायर मोकळी, आणि मग तीन मोजणी. आत येणारी बाजू आणि पत्रा, बाहेर जाणारी बाजू आणि पत्रा, आणि या दोन बाजू आपसांत. जिथे काटा मेगओममध्ये दिसायला हवा तिथे पहिल्याच मोजणीत तो शून्याजवळ आला. जुन्या कॉइलवर सुताचे, कागदाचे आवरण आणि वॉर्निश असते. तापून-निवून वॉर्निश तडकते, दोन पावसाळ्यांची ओल त्यात शिरते, उंदीर आपला वाटा घेऊन जातात. दोन वर्षे बंद असलेले मशीन हे काल संध्याकाळपर्यंत चालू असलेल्या मशीनपेक्षा जास्त धोक्याचे असते, हे त्या दिवशी मला नव्याने कळले. उन्हात ठेवले की वाळते, असे लोक म्हणतात. पत्रा वाळतो, आतली कॉइल वाळत नाही.

आणि अर्थिंग? तरुण म्हणाला, "आहे की, ही काय!" त्याने जो चिमटा दाखवला तो कामाला, म्हणजे गेटला, लावायचा चिमटा. आपल्याकडे त्याला सर्रास अर्थिंग म्हणतात आणि या एका शब्दाने अनेकांचा घात केला आहे. तो चिमटा म्हणजे वेल्डिंगच्या करंटची परतीची वाट. मशीनच्या पत्र्याला जोडून जमिनीत गेलेली जी वेगळी तार, ती खरी अर्थिंग. मिस्त्रींच्या मशीनला ती नव्हतीच. हिरवी तार कधीतरी तुटली होती आणि कुणी जोडली नव्हती. घरात शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बसवला असेल तर उत्तम, तो पत्र्यात उतरलेल्या विजेपासून वाचवतो. पण होल्डरच्या बाजूने लागणाऱ्या शॉकला तो ओळखत नाही. तिथे कोरडे चामडी हातमोजे, कोरडे बूट आणि पायाखाली कोरडी फळी हेच संरक्षण. घामाने चिंब झालेल्या उघड्या हाताने नवी कांडी लावणे म्हणजे नशीब अजमावणे.

कुणाला शॉक लागून तो चिकटलाच तर धावत जाऊन त्याला ओढू नका, तुम्हीही चिकटाल. आधी मेन स्विच. तो सापडला नाही तर कोरड्या लाकडाने तार दूर करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगाने दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. चांगला जबर शॉक लागून माणूस उठून बसला, चहा प्यायला, तरी त्याचा ईसीजी काढलाच पाहिजे.

हे सगळे ऐकून तो तरुण जरा दुखावला. म्हणाला, "डॉक्टर, बाबांनी हेच मशीन पंचवीस-तीस वर्षं चालवलं. त्यांना तर काही झालं नाही."

हे वाक्य मी आजवर शेकडो वेळा ऐकले आहे, तंबाखूबद्दल, स्टोव्हबद्दल, हेल्मेटबद्दल. पण या वेळी उत्तर माझ्याकडे तयार होते, कारण मिस्त्री माझेच रुग्ण होते आणि त्यांचा कागद माझ्या कपाटात होता.

मी दवाखाना टाकला त्या सुरुवातीच्या वर्षांत मिस्त्री अधूनमधून सोमवारी रात्री किंवा मंगळवारी सकाळी यायचे. थंडी वाजून ताप, अंग मोडून येणे, तोंडाला धातूची चव, कोरडा खोकला. मी मलेरिया समजून क्लोरोक्विन द्यायचो. रक्तात जंतू सापडायचे नाहीत, पण दोन दिवसांत ताप उतरायचा, आणि मला वाटायचे गोळी लागू पडली. असे मी किती वेळा केले, ते कागदावर आहे. अकरा वेळा. एकदा ते स्वतःच म्हणाले, "डॉक्टर, जी.आय. पाइपचं काम केलं की मला हा ताप येतो." मी हसलो होतो. नंतर पुस्तक उघडले तेव्हा हसू मावळले.

जी.आय. पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. तो जळाला की पांढरा धूर होतो आणि तो धूर छातीत गेला की चार ते बारा तासांनी हुबेहूब मलेरियासारखा ताप येतो. दिवस-दोन दिवसांत आपोआप उतरतो. रोज धूर घेतला तर शरीर त्याला सरावते. रविवारी सुट्टी झाली की सराव मोडतो आणि सोमवारी ताप पुन्हा. म्हणूनच जगभर याला सोमवारचा ताप म्हणतात. अकरा वेळा माझ्या गोळीने नव्हे, रुग्णाच्या शरीराने काम केले आणि श्रेय मी घेतले. मिस्त्री मात्र यावर गूळ आणि दूध घेत. बहुतेक वेल्डर घेतात. त्यात वाईट काही नाही, पण गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात.

इथे खडकीतल्या लोकांना एक जादा इशारा. लष्करी आणि विमानाच्या सामानातल्या नट-बोल्टांवर अनेकदा कॅडमियमचा मुलामा असतो. भंगारातले असे तुकडे वेल्डिंगने कापले-सांधले तर सुरुवात त्याच तापासारखी होते, पण तो ताप उतरत नाही. छातीत पाणी भरते आणि माणूस दगावतो. वेल्डिंगनंतर आलेल्या तापाबरोबर दम लागत असेल तर सकाळची वाट पाहू नका.

मिस्त्रींच्या छातीच्या एक्सरेतही बारीक ठिपके होते. लोखंडाच्या धुराचे असे ठिपके १९३६ सालीच इंग्लंडमधल्या डॉइग आणि मॅकलॉफलिन या डॉक्टरांनी वेल्डरांच्या फुप्फुसांत दाखवले होते. नुसते लोहाचे असतील तर ते फारसे त्रासदायक नसतात, पण आपल्याकडे असा एक्सरे पाहिला की पहिला संशय टीबीचा येतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आपला धंदा सांगा. न विचारताही सांगा. शेवटची काही वर्षे मिस्त्रींना जिना चढताना धाप लागे, ती बिडीची की धुराची हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे की २०१७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण हे दोन्ही कर्करोगाला नक्की कारणीभूत ठरणाऱ्या गटात घातले. त्याआधी धुराबद्दल नुसती "शक्यता" म्हटलेली होती.

मी तो कागद मुलासमोर ठेवला. त्याने तारखा वाचल्या. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "हे लोकांना सांगा डॉक्टर. आमचं नाव नको, पण सांगा."

आता तेलाचे. मशीनच्या टाकीतून तेल झिरपत होते आणि खाली जुना डबा लावलेला होता. डब्यातले तेल कमी कसे होते, याचा उलगडा मिस्त्रींच्या वृद्ध पत्नीने केला. आजी ते गुडघ्यांना चोळत असत! ट्रान्सफॉर्मरचे तेल वातावर गुणकारी, ही समजूत मी खेड्यापाड्यांतही ऐकली आहे. अहो, ते औषध नव्हे. बहुतेक मशीनमध्ये साधे खनिज तेल असते. तेही कातडीला अपाय करतेच. पण जुन्या काळी काही ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाची क्लोरीनयुक्त रसायने घालत. ती पेट घेत नाहीत म्हणून लोकप्रिय झाली, आणि सहजासहजी नष्ट होत नाहीत म्हणून बदनाम. चरबीत साठून राहतात. १९६८ साली जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या खाद्यतेलात ती मिसळली गेली, तेव्हा हजाराहून जास्त माणसे आजारी पडली. अंगभर काळसर पुटकुळ्या, थकवा, काळवंडलेल्या त्वचेची बाळे. कर्करोगाच्या यादीतही ती पहिल्या गटात आहेत. आपल्या केंद्र सरकारने २०१६च्या आदेशाने त्यांचे उत्पादन आणि आयात बंद केली आणि वापर थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत ठेवली.

तेलात पीसीबी आहे की नाही हे वासावरून, रंगावरून कळत नाही. कुणी सांगेल की पाण्यावर टाकून बघा, तरंगले तर साधे, बुडले तर पीसीबी. निव्वळ पीसीबी बुडते हे खरे, पण साध्या तेलात मिसळलेले थोडे पीसीबी तरंगतेच. त्यामुळे पाटीवर तारीख नसलेल्या जुन्या मशीनचे तेल प्रयोगशाळेत तपासून होईपर्यंत वाईटच समजावे. हातमोजे घालून, झाकणाच्या डब्यात, नाव लिहून ठेवावे. गटारात, शेतात ओतू नये, चुलीत जाळू नये, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नये. तो तांब्यासाठी मशीन फोडतो आणि तेल जागच्या जागी सांडून देतो. विचारणा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात करावी.

जुन्या शेडमध्ये आणखी दोन गोष्टी हटकून सापडतात. एक म्हणजे करड्या-पांढऱ्या रंगाचे, लोकरीसारखे कापड किंवा दोरी, उष्णता अडवण्यासाठी वापरलेली. ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. झटकू नका, झाडू मारू नका. पाणी शिंपडून ओली करा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. तिच्या तंतूंचा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. दुसरी म्हणजे कार्बाइडची टाकी. पाणी आणि कार्बाइड यांच्यातून गॅस काढून वेल्डिंग करण्याची ही जुनी पद्धत. टाकीच्या तळाशी कार्बाइडचा एखादा खडा उरला असेल आणि तुम्ही आत पाणी घातले की गॅस तयार, बाकी फक्त ठिणगीचा प्रश्न. हिच्याबद्दल माझा सल्ला सरळ आहे. उघडू नका, धुऊ नका, जाणत्याला बोलवा. तसेच "रिकामे" डिझेलचे पिंप. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप जास्त जोरात फुटते, कारण आत तेल नसते, तेलाची वाफ आणि हवा असते.

काचेबद्दल थोडे. हाताने धरायच्या ढालीत जी काळी काच असते तिच्यावर क्रमांक असतो. घरगुती कामाच्या शंभर-दीडशे अँपिअरला दहा किंवा अकरा क्रमांक हवा. गॅस वेल्डिंगचा हिरवा चष्मा इथे चालत नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या बिनक्रमांकाच्या काळ्या काचा तर चक्क फसवणूक आहे. काच काळी म्हणून डोळ्यांची बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत जातात. मुलांना कामाच्या जागी येऊ देऊ नका. भोवती जाड पडदा लावला तर जाणाऱ्या-येणाऱ्यांचेही डोळे वाचतील. तोंडाला बांधलेला रुमाल धूर अडवत नाही. डोके धुराच्या बाहेर ठेवणे आणि वारा पाठीकडून-बाजूने घेणे याला पैसे पडत नाहीत.

माझे मत विचाराल तर बहुतेक वारशाची मशीन पुन्हा चालू करू नयेत. आता पाच-सात किलोचे इन्व्हर्टर मशीन मिळते, एका फेजवर चालते, ते घेणे बरे. पण मला हेही कळते की ज्याच्या बापाने त्या लोखंडावर घर उभे केले, त्याला "भंगारात टाक" म्हणणे सोपे नाही. आणि ज्याचे पोट त्यावर आहे त्याला नवे घे म्हणणेही सोपे नाही. म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक तालुक्याला आयटीआय आहे, तिथे मेगर आहे, शिकवणारे आहेत, शिकणारी मुले आहेत. खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस त्यांनी गावातली जुनी मशीन फुकट तपासून द्यावीत. चालण्याजोग्याला अर्थिंग जोडून द्यावे, बाकीच्यावर लाल रंगाची फुली मारावी. आम्ही डॉक्टर शुगर आणि बीपीची शिबिरे घेतोच. एखादे शिबिर यंत्रांचेही होऊ द्या. मी माझ्याकडून त्या दिवशी वेल्डरांच्या छात्या आणि डोळे तपासायला बसेन.

मिस्त्रींचे मशीन अजून शेडमध्येच आहे. गुरुजींनी त्याच्या तारा मुळापासून कापून टाकल्या, तेल काढले, पाटी चकचकीत केली. तडकलेली काळी काच मी मागून घेतली, ती दवाखान्यात टेबलावर ठेवलेली असते. तेलाचे दोन डबे मात्र सील करून माळ्याखाली ठेवले आहेत. नमुना तपासायला दिला आहे, अहवाल यायचा आहे. आजींना मी गुडघ्यासाठी दुसरे मलम दिले. त्यांचे म्हणणे, पहिल्याइतका गुण नाही.